ऐनाच्या झाडावरचं रेशीम

तुतीच्या रेशमाचा पतंग उडू शकत नाही. त्याला पंख असतात, नर ते जोरजोरात फडफडवतोही, पण पाय जमीन सोडत नाहीत. हजारो वर्षं माणसाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाढल्यावर हा किडा रानात कसं जगायचं तेच विसरला. त्याची अळी पुढ्यातलं पान संपलं तरी दुसरं शोधायला फारशी हलत नाही. कुणी घातलं तर खाते. तिचा रंग पांढरा पडला आहे, कारण कुणापासून लपायचं हा प्रश्नच तिला उरलेला नाही. आपण रेशीम म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा याच किड्याचा धागा आपल्या मनात असतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात निघणाऱ्या रेशमाचा किडा मात्र वेगळ्या कुळातला आहे. अँथेरिया मायलिट्टा हे त्याचं शास्त्रीय नाव, बाजारातलं नाव टसर, आणि तिकडच्या लोकांच्या तोंडी कोसा. त्याच्या कोषालाही कोसा म्हणतात आणि त्या धाग्याच्या कापडालाही. माणूस या किड्याचं रेशीम वापरतो आहे त्याला काही हजार वर्षं झाली, पण तो माणसाळला नाही. तो आजही घरात वाढत नाही. त्याला झाडावरचं जिवंत पान लागतं, पाऊस लागतो, रात्र लागते. त्याच्या अंगावरची खूण न्‌ खूण आणि त्याच्या आयुष्यातली प्रत्येक सवय रानासाठी घडलेली आहे. तो आपल्याकडे येत नाही म्हणून पाळणाऱ्यालाच त्याच्याकडे जावं लागतं. कोसा महाग का, त्याचा धागा काढणं इतकं कष्टाचं का, तो मुख्यतः जंगलाकाठच्या माणसांच्याच हातात का राहिला, या सगळ्याची उत्तरं या किड्याच्या जीवनक्रमात आहेत.

पतंग कोशातून बाहेर पडतो तो पावसाळ्याच्या तोंडावर, आणि बहुधा दिवस मावळताना. आधी कोशाच्या देठाकडच्या टोकावर एक ओलसर डाग दिसू लागतो. कोशाची भिंत इतकी कठीण असते की बोटाने दाबून दबत नाही, आणि आतल्या जिवाकडे ना दात असतात ना नख्या. तो तोंडाच्या भागातून एक द्रव सोडतो. त्या द्रवात एक विकर असतं. फोटिस काफाटोस आणि कॅरोल विल्यम्स या शास्त्रज्ञांनी १९६४ साली टसरच्याच नात्यातल्या पतंगांवर काम करून त्याचं कार्य उलगडलं. त्याला कोकूनेज म्हणतात. रेशमाचा तंतू आणि तंतूंना एकमेकांना चिकटवणारा डिंक ही दोन वेगळी प्रथिनं आहेत. कोकूनेज डिंक विरघळवतं, तंतूला धक्का लावत नाही. भिंत त्या जागी मऊ पडली की पतंग डोक्याने आणि पुढच्या पायांनी तंतू बाजूला सारत स्वतःला बाहेर ओढून काढतो.

त्या क्षणी तो ओळखू येत नाही. पोट लठ्ठ आणि ओलं, पंख चुरगळून अंगाला चिकटलेले. तो कोशाला किंवा फांदीला उलटा लटकतो आणि शरीरातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलू लागतो. पंख हळूहळू खाली ओघळतात, सुरकुत्या सुटतात, आणि तासाभरात तळहातात न मावणारा पतंग समोर असतो. मादीच्या पंखांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५ ते १८ सेंटिमीटर भरतो. ती पिवळसर किंवा करडी, नर थोडा लहान आणि विटकरी. नराच्या पुढच्या पंखांचं टोक आकडीसारखं बाहेर वळलेलं असतं. पुढच्या पंखाची वरची कड राखाडी, आणि बाहेरच्या कडेला समांतर जाणारी एक गडद रेघ चारही पंखांवरून सलग ओढलेली.

सगळ्यांत आधी नजर जाते ती डोळ्यांकडे. प्रत्येक पंखाच्या मध्यावर एक, असे चार गोल डोळे. त्यांच्या मधोमध खवले नसतात. तिथे पंखाचा नुसता पारदर्शक पापुद्रा असतो. पंख उजेडासमोर आला तर त्या खिडकीतून पलीकडचं दिसतं. खिडकीभोवती पिवळी, तांबूस, पांढरी, काळी अशी बारीक वर्तुळं. पतंग पंख मिटून बसला असताना तो वाळलेल्या पानांत बेमालूम मिसळतो. डिवचलं की एकदम पंख उघडतो आणि पक्ष्याच्या समोर अचानक डोळे येतात. पक्षी क्षणभर जरी दचकला तरी पतंगाला तेवढा वेळ पुरतो.

या पतंगाला खाण्याजोगं तोंड नसतं. सोंड नाही, जबडा नाही, अन्न पचवण्याची सोय नाही. फुलातला मध त्याच्या कामाचा नाही आणि पानही नाही. अळी असताना जे खाल्लं तेवढ्या शिदोरीवर त्याला आठवडा-दहा दिवस काढायचे असतात. त्या शिदोरीतूनच उडायचं, जोडीदार गाठायचा, अंडी घालायची. म्हणून पतंग म्हणजे हा किडा असं आपण समजतो ते अर्धंच खरं आहे. त्याच्या आयुष्याचा कमावता भाग अळीचा. पतंग ती कमाई पुढच्या पिढीकडे पोहोचवण्यापुरता जगतो.

मादी फारशी उडत नाही. तिचं पोट अंड्यांनी भरलेलं असतं आणि ती कोशापाशीच बसून राहते. मध्यरात्रीच्या सुमारास ती पोटाचं टोक बाहेर काढून गंध सोडते, माणसाच्या नाकाला न कळणारा. नराच्या मिशा मादीपेक्षा कितीतरी रुंद असतात. मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी फाटे आणि त्या फाट्यांवर अतिसूक्ष्म केस. हवेतून वाहत आलेले गंधाचे कण या केसांत अडकतात. रिचर्ड वोग्ट आणि लिन रिडिफर्ड यांनी १९८१ साली टसरच्या एका अमेरिकी भावंडाच्या मिशांमध्ये गंधाच्या कणाला धरून ठेवणारं प्रथिन शोधलं. कीटकांना वास कसा येतो याच्या अभ्यासाला तिथून नवी वाट फुटली. आज अशी प्रथिनं असंख्य कीटकांत माहीत आहेत. नर वाऱ्याच्या उलट दिशेने, गंधाचा माग काढत मादीपर्यंत पोहोचतो. पहाटेपूर्वी जमलेली जोडी दिवस उजाडेपर्यंत, कधी त्याहूनही जास्त वेळ एकत्र असते.

पाळणारे लोक हे सगळं घडू देतात, फक्त एका छपराखाली. बियाण्यासाठी राखलेले कोसे दोऱ्यात ओवून त्यांच्या माळा हवेशीर खोलीत टांगतात. पतंग त्या माळांवरच बाहेर येतात आणि तिथेच जोड्या जमतात. सकाळी जोड्या सोडवून माद्या अंडी घालायला वेगळ्या ठेवतात. एक मादी साधारण १५० ते २५० अंडी घालते, त्यांतली बरीचशी पहिल्याच रात्री. अंडं चपटं, लंबगोल, तीनेक मिलिमीटरचं. त्याच्या कमरेभोवती दोन तपकिरी रेघा असतात. एका मादीच्या अंड्यांना अंडीपुंज म्हणतात आणि बियाण्याचा सगळा हिशेब पुंजांवर चालतो.

या टप्प्यावर एक तपासणी होते आणि तिच्यावर साऱ्या हंगामाचं भवितव्य असतं. अंडी घालून झालेल्या मादीचं पोट थोड्या द्रावणात चिरडतात, त्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. चकाकणारे लंबगोल बीजाणू दिसले तर त्या मादीची सगळी अंडी नष्ट करतात. हा पेब्रीन नावाचा रोग; तो आईकडून अंड्यात जातो आणि अळ्या मोठ्या होईपर्यंत कळतही नाही. १८६५च्या सुमारास फ्रान्समधला तुतीच्या रेशमाचा धंदा याच रोगाने बसत चालला होता, तेव्हा लुई पाश्चरने प्रत्येक मादी तपासायची ही पद्धत घालून दिली. दीडशे वर्षांनंतरही टसरच्या बीजकेंद्रांत तीच पद्धत चालते, कारण याला दुसरा तितका खात्रीचा उपाय नाही.

आठ-दहा दिवसांत अंडी फुटतात. अळी बाहेर पडते ती सात-आठ मिलिमीटरची, पिवळट तपकिरी, काळ्या डोक्याची. पहिला घास बहुधा अंड्याच्याच टरफलाचा. मग ती कोवळ्या पानाच्या कडेशी जाऊन कुरतडायला लागते. विदर्भात हे पान ऐनाचं किंवा अर्जुनाचं. ऐनाला तिकडे बरेच जण येन म्हणतात. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेलं हे झाड कोरड्या पानगळीच्या जंगलात सगळीकडे असतं. झारखंड, छत्तीसगड, ओडिशात साल वृक्षही चालतो, आणि बोरीवरही हा किडा वाढतो. ठिकाणानुसार, झाडानुसार, हवामानानुसार या एकाच जातीचे चाळीसहून जास्त स्थानिक वाण झाले आहेत. बस्तरच्या सालवनातला रैली आकाराने मोठ्या आणि कठीण कोशासाठी नावाजलेला, झारखंडचा डाबा पाळायला सोयीचा. त्यांतल्या एका वाणाचं नावच भंडारा आहे.

पहिली कात टाकल्यावर अळी हिरवी होते आणि मग शेवटपर्यंत हिरवीच. चार वेळा कात, पाच अवस्था. कात टाकण्यापूर्वी ती खाणं थांबवते, पानाखाली घट्ट पकड घेते आणि डोकं थोडं वर उचलून दिवसभर निश्चल राहते. या वेळी तिला हलवलं तर जुनी कातडी नीट सुटत नाही आणि ती मरते. जुन्या पाळणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. ते अशा झाडाजवळ फांदीलाही हात लावू देत नाहीत. पाचव्या अवस्थेत अळी दहा सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि वजन ४० ग्रॅमच्या घरात पोहोचतं. जन्मतःचं वजन दहा मिलिग्रॅमच्याही आत होतं. म्हणजे चार-पाच हजार पट वाढ, आणि पावसाळी पिकात तीही महिन्याभरात. थंडीत हाच काळ दुप्पट होतो.

पूर्ण वाढलेली अळी जवळून पाहावी अशी असते. प्रत्येक खंडावर लहान उंचवटे, त्यांवर विरळ राठ केस, काही उंचवट्यांना जांभळट झाक. दोन्ही कुशींतून पिवळी रेघ जाते आणि रेघेच्या वर चांदीसारखे चकचकीत ठिपके असतात, उजेड पडला की लकाकणारे. अंगाची हिरवाई निळ्या आणि पिवळ्या अशा दोन रंगद्रव्यांची मिळून झालेली आहे. एखाद्या अळीत पिवळं नसेल तर ती निळसर होते, निळं नसेल तर पिवळी, आणि दोन्ही नसतील तर फिकट बदामी. अशा अळ्या क्वचित दिसतात, आणि हिरव्या पानांत त्या उठून दिसत असल्याने पक्ष्यांना आधी सापडतात, हे वेगळं सांगायला नको.

एका झाडाची पानं संपली की अळ्या दुसऱ्या झाडावर न्याव्या लागतात. त्या हाताने उचलून नेत नाहीत. अळीच्या पोटाखालचे मांसल पाय आणि शेवटची पकड इतकी घट्ट असते की ओढली तर ती फाटेल, पण फांदी सोडणार नाही. म्हणून अळीसकट डहाळी कापतात आणि नव्या झाडाच्या फांदीत अडकवतात. अळी सावकाश स्वतःच पलीकडे जाते. शेकडो अळ्यांसाठी, पावसात भिजत, हे काम पुन्हा पुन्हा करावं लागतं.

बाकीचा वेळ राखणीत जातो. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ही पिढीजात राखण मुख्यतः ढिवर समाजाने केली आहे. एरवी नदी-तलावावर मासे धरणारी ही माणसं पावसाळ्यात ऐनाच्या रानात खोपट बांधून राहतात. हातात गोफण, तोंडाने हाळ्या. कावळे आणि इतर पक्षी उजाडताच येतात. मुंग्या लहान अळ्या उचलून नेतात, गांधीलमाश्या तुकडे करतात, एक ढेकूण अळीच्या अंगात सोंड खुपसून तिला रिकामी करतो. या शत्रूंना निदान हाकलता तरी येतं. उझी माशीचं तसं नाही. दिसायला घरमाशीची थोराड बहीण. ती अळीच्या अंगावर अंडं चिकटवून निघून जाते. त्यातून निघालेला किडा अळीच्या आत शिरतो, शिरल्या जागी काळा डाग राहतो. अळी खात राहते, वाढत राहते, कधी कोसाही विणते, आणि मग आतून खाल्ली जाऊन संपते. रोग, पाऊस, ऊन, शत्रू या सगळ्यांतून एका पुंजातल्या दोनेकशे अंड्यांपैकी चाळीस-पन्नास कोसे हाती आले तर पीक चांगलं म्हणतात. रानात, कुणी राखण नसताना, किती टिकत असतील याचा अंदाज यावरून करावा.

आता कोसा. मला या सगळ्या जीवनक्रमात सर्वांत विलक्षण वाटतो तो हा भाग, आणि त्यातही देठ. खाणं पुरं झाल्यावर अळी पोट रिकामं करते आणि जागा शोधते. दोन-तीन पानं तंतूंनी जवळ ओढून आडोसा करते. पण कोसा विणायला ती लगेच सुरुवात करत नाही. पानाच्या देठावरून ती फांदीपर्यंत जाते, फांदीभोवती तंतूंची गच्च अंगठी घालते, आणि अंगठीपासून खाली एक चिवट दांडी विणत परत येते. ही दांडी काही सेंटिमीटर लांब असते. ती झाल्यावरच अळी स्वतःभोवती भिंत उभारू लागते, डोकं इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत, सलग काही दिवस.

एवढा खटाटोप कशासाठी, ते हिवाळ्यानंतर कळतं. ऐन, अर्जुन ही पानगळीची झाडं. पानाला चिकटलेला कोसा पानाबरोबर जमिनीवर पडेल, आणि उन्हाळ्यात त्या जंगलातल्या जमिनीवर उंदीर आहेत, मुंग्या आहेत, वाळवी आहे आणि वणवे आहेत. अंगठी मात्र फांदीला धरून राहते. पानं जातात, कोसा राहतो. तुतीच्या किड्याला ही अंगठी येत नाही.

भिंत विणून होत आली की अळी शरीरातून एक पांढरट द्रव सोडते. त्यात कॅल्शियमचे क्षार असतात. हा द्रव भिंतीत मुरतो, डिंकाबरोबर वाळतो आणि कोसा टणक होतो. आत अळी शेवटची कात टाकून प्युपा बनते. पावसाळी पिकातला प्युपा काही आठवड्यांत पतंग होतो. शेवटच्या पिकातला मात्र थांबतो: हिवाळा, मग चंद्रपूरचा तो उन्हाळा, पाच-सहा महिने, अन्नपाण्यावाचून, श्वास अगदी मंद करून. कधी थांबायचं आणि कधी उठायचं हे दिवसाच्या लांबीवरून ठरतं. विल्यम्स आणि पेरी अ‍ॅडकिसन यांनी १९६४ मध्येच चीनच्या ओक टसरवर दाखवून दिलं की उजेड थेट प्युपाच्या मेंदूला कळतो. मेंदूच्या वरची कातडी त्यासाठी पारदर्शक असते. कोशाच्या जाड भिंतीतून झिरपणारा अंधुक उजेडही त्याला पुरतो.

या कोशाच्या कठीणपणाची दख्खनमध्ये एक जुनी नोंद आहे. मुंबई सरकारच्या सेवेतले अधिकारी डब्ल्यू. एच. साइक्स यांनी १८३०च्या दशकात दख्खनच्या रानटी रेशीमकिड्यावर लेख लिहिला. त्याचं नाव त्यांनी कोलिसुरा असं नोंदवलं आहे. इथले लोक तेव्हा त्याचा धागा काढत नव्हते. कोसा कापून त्याच्या वाद्या करत आणि त्यांनी ठासणीच्या बंदुकीची नळी दस्त्याला बांधत. चामड्यापेक्षा ती वादी टिकाऊ. पुढे १८७०च्या दशकात मेजर कूसमेकर यांनी पुणे भागात टसर पाळून पाहिला, पण पश्चिम महाराष्ट्रात तो धंदा म्हणून रुजला नाही. रान होतं, किडा होता. पावसाळाभर झाडाखाली बसून राखण करणारी, ते काम पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेली माणसं पूर्वेकडे होती.

रेशमाशी महाराष्ट्राचं नातं याच्या कितीतरी आधीचं. नेवासे इथे ह. धी. सांकलिया यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजाने आतला दोरा जपून ठेवला होता. तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस आढळला. ती माळ तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची आहे. हडप्पाच्या दागिन्यांतले धागे याहून जुने, इ.स.पूर्व २५०० ते २००० या दरम्यानचे. २००९ साली आयरीन गुड, जोनाथन मार्क केनोयर आणि रिचर्ड मेडो यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तंतूच्या आकारावरून किडा ओळखता येतो: तुतीचा तंतू आडव्या छेदात गोलसर त्रिकोणी, टसरचा चपटा आणि लांबट. हडप्पाच्या नमुन्यांत टसरच्या किड्याचा धागा निघाला. चीनचं रेशीम इकडे येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे रानातलं रेशीम होतं, असं आता ठामपणे म्हणता येतं.

धागा काढायचा तर पतंग बाहेर पडण्याआधी प्युपा मारावा लागतो, वाफेने किंवा उन्हात. मग कोसे सोड्याच्या पाण्यात उकळतात. तुतीचा कोष गरम पाण्यात सहज सुटतो; इथे डिंकही जास्त आणि क्षारही मुरलेले. उकळून मऊ झालेल्या चार-पाच कोशांचे तंतू एकत्र ओढून मांडीवर पीळ देत धागा वळायची जुनी रीत पूर्व आणि मध्य भारतात बायकांच्या वाट्याला आली होती. दिवसभर उघड्या मांडीवर ओला, खारट धागा घासून कातडी सोलवटते, जखमा चिघळतात. केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' यंत्रं आणून ही रीत बंद करण्याची मोहीम घेतली, हे फार आधीच व्हायला हवं होतं. जे कोसे पतंगांनी फोडले त्यांतून सलग धागा मिळत नाही; त्यांचा ओढून काढलेला जाडाभरडा घिचा होतो, आणि देठही वाया जात नाहीत, त्यांचंही सूत निघतं.

टसरचा तंतू तुतीच्या तंतूच्या तीन-चार पट जाड असतो. त्याचा मूळ रंग फिकट सोनेरी ते मधाळ, आणि तो सहजी दुसरा रंग धरत नाही. इंग्लंडमधल्या लीक गावच्या टॉमस वार्डलने बरीच वर्षं खटपट करून तो रंगवण्याच्या रीती बसवल्या आणि १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात मांडल्या, तेव्हा कुठे युरोपात टसरला मागणी आली. मला तरी तो न रंगवलेलाच बरा वाटतो. भंडारा-नागपूरकडच्या करवतकाठी साडीत ते दिसतं: अंग मूळ कोसा रंगाचं, काठ गडद, आणि काठाची आतली कड करवतीच्या दात्यांसारखी. हे दाते येतात ते तीन धोट्यांनी विणल्यामुळे, काठाचे आणि अंगाचे आडवे धागे एकमेकांत गुंतवून. या साडीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, विणकर मात्र थोडे उरले आहेत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐनाची झाडं उघडी पडलेली असताना कोसे शोधणं सोपं जातं, आणि विदर्भाबाहेरही, सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानांत, ते पाहायला मिळतात. दिसला तर आधी देठाकडचं टोक पाहावं. तिथे कडा विस्कटलेलं मोठं भोक असेल तर पतंग केव्हाच गेला. भिंतीत दुसरीकडे कुठे लहान, नेटकं गोल छिद्र असेल तर ते पिवळ्या गांधीलमाशीचं काम: कोसा विणला जात असताना तिने आत अंडं घातलं, तिच्या पिल्लाने प्युपा खाल्ला आणि तेच भिंत कोरून बाहेर आलं. छिद्र नसेल तर कोसा फांदीवरून न काढता हलकेच हलवावा. सुटा खुळखुळाट आला तर प्युपा वाळून मेलेला असतो. आत काहीतरी जड, भरीव लागलं तर तो जिवंत आहे. तो जूनपर्यंत तसाच फांदीवर राहू द्यावा.